पिवळा त्रिकोण

१९५६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, साउथएंड या समुद्रकाठच्या शहराला लागून रॉचफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या जनरल हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वेगळा कक्ष होता आणि त्याचा कारभार सिस्टर जे. वॉर्ड यांच्याकडे होता. या बाईंचा एक ठाम समज होता. काचपेटीतल्या कोंदट, उबट हवेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना जास्त मानवतं. त्यामुळे ऊन पडलं की त्या नाजूक बाळांनासुद्धा ढकलगाडीत घालून आवारातल्या चौकात आणत आणि डॉक्टरांची फेरी यायच्या आत बहुधा परत जागेवर नेऊन ठेवत. हे सगळं थोडं चोरूनच चाले.

अशाच एका फेरीच्या वेळी सिस्टर वॉर्डनी, काहीशा संकोचानंच, एक उघडं बाळ डॉक्टरांना दाखवलं. बाळाचं अंग फिकट पिवळं होतं. पण अंगावर एका ठिकाणी त्रिकोणाच्या आकाराचा डाग होता, कडा रेखीव आणि रंग बाकीच्या कातडीपेक्षा कितीतरी गडद पिवळा. डॉ. डॉब्ज यांना वाटलं, सिस्टरनी काही औषध लावलं असावं, आयोडीन वगैरे. सिस्टर म्हणाल्या, हे उन्हामुळे झालं असावं. डॉक्टरांनी उन्हानं कातडी रापायला किती दिवस लागतात ते त्यांना समजावलं. सिस्टर आणखीच अवघडल्या, पण मागे हटल्या नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. तो त्रिकोण गडद झालेला नव्हता, बाकीचं अंग फिकं पडलं होतं. बाळाला कावीळ होती, चादरीचं एक टोक अंगावर दुमडलेलं राहिलं होतं, आणि त्या टोकाखाली ऊन पोचलं नव्हतं.

हा सगळा प्रसंग डॉब्ज आणि त्यांचे त्या वेळचे तरुण सहकारी आर. जे. क्रेमर यांनी जवळजवळ वीस वर्षांनी, १९७५ साली, ‘आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहूड’ या नियतकालिकात लिहून ठेवला. त्यांनी तो लिहिला नसता तर सिस्टर वॉर्ड हे नाव आज आपल्यापर्यंत पोचलं असतं की नाही, मला शंका आहे. कारण या शोधाचा मूळ निबंध, ‘लॅन्सेट’च्या २४ मे १९५८च्या अंकातला, तीन नावांनी छापला आहे: क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स. लेखकांच्या त्या यादीत वॉर्ड नाहीत.

या निबंधाकडे मी वळलो तो घरातल्या एका वादामुळे. पुतणीच्या बाळाला तिसऱ्या दिवशी कावीळ दिसू लागली आणि नर्सिंग होममध्ये त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांना पट्टी, अंगावर फक्त लंगोट. काचेबाहेर उभी राहून आमची काकू एकच म्हणत होती, “अरे, हे दिवेबिवे कशाला? सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा, आपोआप उतरेल.” डॉक्टरांनी तिला अडाणी ठरवलं, तिनं डॉक्टरांना लुबाडू ठरवलं. बाळ तिसऱ्या दिवशी घरी आलं आणि वाद मिटला. म्हणजे कुणीच हरलं नाही. मी डॉक्टर नाही. पण या भांडणात इतिहास कुणाच्या बाजूचा आहे ते पाहावं, म्हणून शोधायला लागलो.

आधी ही कावीळ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मोठ्या माणसांच्या काविळीशी तिचा संबंध फक्त रंगापुरता आहे. पोटातल्या बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मानंतर फुप्फुसांतून प्राणवायू मिळू लागला की इतक्या पेशींची गरज उरत नाही. त्या झपाट्यानं मोडू लागतात. मोडलेल्या हिमोग्लोबिनातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही. यकृतानं त्याला एक साखरेसारखा रेणू जोडला की मगच ते पित्तावाटे बाहेर जाऊ शकतं, आणि नवजात बाळाच्या यकृताला हे काम अजून नीट जमत नसतं. म्हणून पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी साठेक आणि अपुऱ्या दिवसांच्या शंभरातली ऐंशीएक बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. पूर्ण दिवसांच्या बाळात हा पिवळेपणा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोचतो. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते असं मानतात. बाळाच्या दृष्टीनं ती रात्र जोखमीची आहे, हे अनुभवानं कळायला रक्त तपासावं लागत नसणार.

बहुतेक बाळांचं हे आपोआप उतरतं. पण काहींत बिलिरुबिन इतकं वाढतं की रक्तातल्या प्रथिनाला ते धरून ठेवता येत नाही, आणि मग ते मेंदूत शिरतं. योहानेस ओर्ट या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानं १८७५ साली अशा बाळाच्या मेंदूतली पिवळी पडलेली केंद्रं पाहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्मोर्ल यानं त्याला ‘कर्निक्टेरस’ हे नाव दिलं. जी बाळं यातून जगतात, त्यांचे हातपाय आयुष्यभर आवरत नाहीत, वेडेवाकडे वळत राहतात. अनेकांना ऐकू येत नाही, नजर वर नेता येत नाही. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत असते, आणि घरच्यांना ते उमगायला वर्षं जातात.

१९४०च्या दशकापर्यंत यावर इलाज नव्हता. आईचं आणि बाळाचं रक्त आर-एच घटकाच्या बाबतीत न जुळल्यानं बाळाच्या पेशी मोडतात, हे त्या सुमारास कळलं आणि मग बाळाचं रक्तच बदलायची पद्धत आली. नाळेतल्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, तितकंच दुसऱ्याचं भरायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा भरायचं. तीन किलोच्या बाळासाठी अर्धा लिटरच्या आसपास रक्त लागतं, म्हणजे त्याच्या अंगात असतं त्याच्या दुप्पट. बोस्टनमध्ये लुई डायमंड यांनी ही पद्धत रुळवली. ती जीव वाचवणारी होती, पण काही बाळं तिच्यातच दगावत. बोस्टनच्याच अनुभवातून १९५२ साली असं दिसलं की बिलिरुबिन शंभर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली ठेवलं तर मेंदूला इजा होणं टळतं. हा २०चा आकडा पुढे डॉक्टरांच्या मनात इतका रुतून बसला की १९८३ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी या भीतीला थट्टेनं एक लॅटिन नावच देऊन टाकलं: ‘विजिंटिफोबिया’, विसाची धास्ती.

रॉचफर्डमध्ये त्या काळी हाच मार्ग होता: रक्त बदलायचं, नाहीतर वाट पाहायची. त्रिकोणवाल्या बाळाची गोष्ट तिथेच राहिली असती. पण काही आठवड्यांनी दुसरी एक घटना घडली, आणि माझ्या मते पहिलीइतकीच महत्त्वाची. एका बाळाचं रक्त तपासायला पाठवलं होतं. प्रयोगशाळेतून उत्तर आलं ते अपेक्षेपेक्षा फारच कमी आकड्याचं. बाळ तर डोळ्यांना स्वच्छ पिवळंजर्द दिसत होतं. पुन्हा ताजं रक्त पाठवलं, आकडा वर. चौकशीत कळलं की पहिली नळी बराच वेळ उन्हात पडून होती. पेरीमन हे रुग्णालयाचे जीवरसायनतज्ज्ञ. आता ही नर्सच्या डोळ्यांना वाटलेली गोष्ट राहिली नव्हती. काचेच्या नळीत, बाळाच्या अंगाबाहेर, ऊन बिलिरुबिनला काहीतरी करत होतं.

पुढचं काम पद्धतशीर झालं. बाळांना उघडं करून थोडा वेळ उन्हात, थोडा वेळ सावलीत असं ठेवायचं आणि रक्तातले आकडे मोजायचे. आकडे उतरत होते. पण इंग्लंडचं ऊन भरवशाचं नाही, आणि कावीळ तर हिवाळ्यातही होते. प्रकाशाचा निळा भागच कामाचा आहे हे तपासून त्यांनी एक यंत्र बनवलं. अर्ध्या पिंपासारखं चकचकीत पत्र्याचं छत, त्याच्या आतल्या बाजूला आठ निळसर फ्लुरोसंट नळ्या, आणि ते छत बाळाच्या पाळण्यावर खालीवर करायची सोय. आज तालुक्याच्या रुग्णालयात जे यंत्र दिसतं, त्याचा हा पूर्वज. ज्याला आपण नवी वैद्यकीय तंत्रविद्या म्हणतो, तिच्यात ट्यूबलाइट आणि पत्रा यापलीकडे काही नव्हतं, याची मला गंमत वाटते.

मग जगानं हे लगेच उचललं असेल असं वाटेल, पण तसं झालं नाही. दक्षिण अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत दिवे पेटले. ब्राझीलमधले निबंध १९६०पासूनचे आहेत. अमेरिका मात्र दहा वर्षं गप्प होती. यावर लिहिणारे पुष्कळ जण अमेरिकनांच्या गर्वाला दोष देतात. मला ते पूर्ण पटत नाही. त्या दशकातल्या बालरोगतज्ज्ञांचे हात नुकतेच पोळले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरभरून प्राणवायू दिला आणि हजारोंना आंधळं केलं, हे १९५०च्या दशकात सिद्ध झालं होतं. १९५६ साली, म्हणजे सिस्टर वॉर्ड त्रिकोण दाखवत होत्या त्याच वर्षी, न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन यांनी आणखी एक चाचणी प्रसिद्ध केली. जंतुसंसर्ग टाळायला बाळांना सर्रास दिलं जाणारं एक सल्फा औषध दुसऱ्या औषधाशी ताडून पाहिलं, तर सल्फाच्या गटात मृत्यू जास्त निघाले आणि त्यात कर्निक्टेरस जास्त. कारण नंतर कळलं: हे औषध रक्तातल्या प्रथिनावर बिलिरुबिनची जागा बळकावतं आणि मोकळं झालेलं बिलिरुबिन मेंदूकडे जातं. म्हणजे रक्तातला आकडा कमी दिसत असताना मेंदूला इजा होत होती. असा अनुभव गाठीशी असलेला माणूस, आकडा उतरला एवढ्यावर दिव्याला पास कसा करील? दिव्यानं बिलिरुबिनचे जे तुकडे होतात ते आणखी विषारी असले तर?

व्हरमाँटच्या जेरल्ड लूसी यांनी १९६८ साली १११ अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून अमेरिकेत दिवे झपाट्यानं पसरले. बहुधा जरा जास्तच झपाट्यानं. अमेरिकी सरकारी संस्थेनं सहा केंद्रांत १३३९ बाळांची मोठी चाचणी घेतली ती १९७४ ते १९७६ मध्ये, तोवर देशभर दिवे लागून गेले होते. निकाल असा की दिव्यामुळे रक्त बदलायची वेळ पुष्कळ कमी येते.

दिवा नेमकं काय करतो, याचं उत्तर त्याहून उशिरा आलं, आणि या विषयातला मला सर्वांत आवडलेला भाग तो आहे. सुरुवातीची समजूत अशी की उजेडानं बिलिरुबिन मोडतं, त्याचे बारीक तुकडे होऊन लघवीवाटे जातात. पण काही उंदीर असतात, जन्मतःच कावीळ असलेले, ‘गन’ जातीचे. त्यांच्यावर प्रयोग करताना १९७०च्या सुमारास डोनल्ड ऑस्ट्रो यांना दिसलं की दिवा लावल्यावर पित्तात चक्क बिलिरुबिनच येतं, अखंड, यकृतानं काहीही न जोडलेलं. मग मोडलं काय? आणि जे पाण्यात विरघळत नाही, ते बाहेर आलं कसं?

कोडं सुटलं ते रेणूच्या आकारामुळे. १९७६ साली रेमंड बॉनेट आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी बिलिरुबिनचा आकार दाखवला: कौलारू घराच्या आढ्यावर बसवतात त्या कोन्याच्या कौलासारखा दुमडलेला. पाण्याशी जमवून घेणारी त्याची सगळी टोकं आत वळून एकमेकांना धरून बसलेली असतात, म्हणून ते विरघळत नाही. निळ्या प्रकाशाचा कण त्यावर पडला की एक दुवा अर्ध्या फेऱ्यानं फिरतो, घडी उलगडते आणि आतली टोकं बाहेर येतात. आता ते पाण्यात मिसळतं, यकृताच्या मदतीशिवाय पित्तात जातं. आणि पित्तात, अंधारात, पुन्हा मूळच्या घडीत परततं. ऑस्ट्रोंना सापडलं ते हे परतलेलं बिलिरुबिन. अँटनी मॅक्डोना आणि डेव्हिड लाइटनर यांनी १९८०च्या आसपास ही साखळी जुळवली. दुसराही एक रेणू बनतो, लुमिरुबिन नावाचा. तो परत फिरत नाही आणि लघवीतही उतरतो. जुन्या समजुतीप्रमाणे तुकडेही होतात, पण फार सावकाश.

म्हणजे कातडीखालच्या केशवाहिन्यांतून रक्त जाताना हे घडतं. यातून व्यवहाराच्या गोष्टी निघतात. प्रकाश ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळा हवा, जांभळ्यापलीकडचा नको. अंग जितकं उघडं तितकं चांगलं. दिवा जवळ हवा. आणि नळ्या जुन्या झाल्या की डोळ्यांना पूर्वीसारख्याच दिसतात, पण त्यांचा जोर उतरलेला असतो. मापकानं मोजल्याशिवाय ते कळत नाही. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी दिवा लागलेला असतो, बाळ त्याखाली असतं आणि उपचार मात्र नावापुरता होतो, तो यामुळे. निळ्या एलईडीनं यात फरक पडला. ज्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं, तो याच रंगाचा. चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सनं अमेरिकेतल्या डी-रेव्ह संस्थेबरोबर ‘ब्रिलियन्स’ नावाचा स्वस्त एलईडी दिवा २०१२च्या सुमारास बाजारात आणला. तो पुढे इतर देशांतही गेला.

आता काकूच्या उन्हाकडे येतो. इथे एक मोह होतो, तो आधी बाजूला सारतो. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात बाविसावं सूक्त काविळीचं आहे. रोग्याचा पिवळेपणा सूर्याकडे जावो, पोपटांमध्ये जावो, हळदी रंगाच्या पाखरांमध्ये जावो आणि त्याच्याभोवती तांबड्या गाईंचा रंग येवो, अशी त्यात इच्छा आहे. सूर्य आहे, कावीळ आहे. मग प्रकाशोपचार आमच्याकडे तीन हजार वर्षांपूर्वी होता, असं एखाद्या व्याख्यानात ऐकायला मिळतं. सूक्त वाचलं तर दिसतं की तिथे पिवळा रंग पिवळ्यांना परत करायचा आहे. रोग्याला उन्हात बसवायची सूचना नाही, आणि नवजात बाळ तर नाहीच. सूक्त सुंदर आहे. त्याला ट्यूबलाइटच्या ओझ्याखाली दाबायचं कारण नाही.

उलट, आपल्या बाळंतिणीच्या खोलीची रीत पाहा. खिडक्या बंद, दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी, ओव्या-शोपेची धुरी, बाळ टोपड्या-दुपट्यात गुंडाळलेलं. थंडीवाऱ्यापासून राखायची ती युक्ती होती आणि अशक्त बाळांना तिचा उपयोगही झाला असेल; पण काविळीच्या बाळाला त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. त्या उजेडात पिवळेपणा दिसतच नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तो दिवसाउजेडीही चकवतो. कपाळावर किंवा छातीवर बोट दाबून, रक्त सरलं की खालचा रंग पाहावा लागतो. मग कळायचं उशिरा, आणि कळलं की कुणी चुन्याच्या पाण्यानं कावीळ उतरवायचं, कुणी गळ्यात काड्यांची माळ घालायचं, कुठे कुठे तापल्या लोखंडानं डागायचं. कावीळ बहुधा आपोआप उतरतेच, म्हणून श्रेय माळेला जायचं. डांबरगोळ्यांत ठेवलेलं बाळंतविड्यातलं झबलं काढून तसंच घालायची चाल तर काही बाळांना थेट घातक. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हा विकर उणा असतो, त्यांच्या पेशी त्या वासानंही मोडू शकतात. मुंबईच्या पारशी समाजात ही उणीव तुलनेनं जास्त आढळते.

तरीही कोवळ्या उन्हात बाळाला धरायची सवय आपल्या बायकांची होती, न्हाऊमाखू घातल्यावर, अंगणात, मांडीवर. ती कावीळ ओळखून दिलेली मात्रा नव्हती, पण ऊन खोटं नव्हतं. आजचे डॉक्टर ते नको म्हणतात, त्यामागे तीन साधी कारणं आहेत. किती ऊन मिळालं ते मोजता येत नाही. उघडं बाळ गारठतं किंवा तापतं. आणि उन्हातला जांभळ्यापलीकडचा भाग कातडी भाजतो. शिवाय खिडकीत पाच-दहा मिनिटं धरून घरचे निर्धास्त होतात आणि बिलिरुबिन वाढत राहतं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत खरी वाटते. काकूचं मूळ बरोबर होतं, मात्रा चुकत होती.

दिवाही निर्दोष नाही. निव्वळ निळ्या उजेडात बाळ निळं पडलं तरी कळत नाही, आणि त्या खोलीत काम करणाऱ्या परिचारिकांना गरगरतं, मळमळतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १९७४ अतिशय लहान बाळं होती. त्यांना कावीळ वाढायची वाट न पाहता दिव्याखाली ठेवलं, तेव्हा मेंदूच्या इजा कमी झाल्या. पण सर्वांत कमी वजनाच्या, ७५० ग्रॅमच्या आतल्या बाळांत मृत्यू थोडे जास्त दिसले. आकडेशास्त्राच्या कसोटीला तो फरक पुरता उतरत नाही, पण सोडून द्यावा इतका किरकोळही नाही. सिल्व्हरमन यांची सावधगिरी पन्नास वर्षांनीही शिळी झालेली नाही.

आणि ऊनही परत आलं आहे. नायजेरियात लागोसच्या प्रसूतिगृहात वीज जाते-येते. दिवे असून नसल्यासारखे. तिथे टीना स्लशर आणि सहकाऱ्यांनी अंगणात मांडव घातला, त्यावर कापडाऐवजी खास पातळ पारदर्शक पडदे लावले. ते जांभळ्यापलीकडचे किरण आणि बरीचशी उष्णता अडवतात, निळा प्रकाश आत सोडतात. आया त्या मांडवाखाली बाळांना मांडीवर घेऊन बसायच्या आणि परिचारिका वेळोवेळी बाळांचं तापमान पाहायच्या. ४४७ बाळांची तुलना २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली. गाळलेलं ऊन ९३ टक्के उपचार-दिवसांत परिणामकारक ठरलं, दिवे ९० टक्के.

हा लेख लिहीत असताना एका जिल्हा रुग्णालयातला नवजात कक्ष पाहायची परवानगी मिळाली. चार पाळण्यांवर निळे दिवे होते. सिस्टर चोवीस-पंचवीसच्या असतील. एका बाळाची कावीळ उतरली का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “रिपोर्ट दुपारी येईल. पण हे बघा.” त्यांनी बाळ दिव्याखालून साध्या उजेडात घेतलं आणि लंगोटाचं एक टोक उचलून दाखवलं. बाकी अंग फिकट झालं होतं. टोकाखालची कातडी अजून पिवळीच होती. आकार, योगायोगानं, त्रिकोणीच. रॉचफर्डच्या सिस्टरांचं नाव मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकलेलं नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी ते लिहून घेतलं, बाळाला पुन्हा दिव्याखाली ठेवलं आणि डोळ्यांवरची पट्टी सारखी केली.